आतार मॅडमची फाईल

आतार मॅडम एसटीत चढण्याआधी कंडक्टरला विचारायच्या, "भोरच ना?" गाडीवर पाटी भोरची असायची, कंडक्टर ओळखीचा असायचा, आणि त्या गेली वीसेक वर्षं दर शनिवारी त्याच गाडीने पुण्याहून घरी जात होत्या. कंडक्टर म्हणायचा, "व्हय, भोरच." मग त्या चढायच्या. कापूरहोळला गाडी हमरस्ता सोडून भोरच्या बाजूला वळली, की मांडीवरच्या पिशवीवर आवळलेली त्यांची मूठ जराशी सैल व्हायची. त्यांच्याबरोबर प्रवास करताना सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे मीही ते वळण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायला लागले.

शमीम आतार त्यांचं नाव. भोरच्या बाजारपेठेत वडिलांचं लहानसं दुकान होतं. हळद-कुंकू, अत्तराच्या कुप्या, आरसे, कंगवे असला माल. चार भावंडांत ही एकटी शिकली. गावातल्या मराठी शाळेत पहिला नंबर, मग पुण्याला भौतिकशास्त्र, मग पीएच.डी., आणि पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेत नोकरी. लग्न केलं नाही. का, ते आम्हाला कधी कळलं नाही आणि विचारायची आमची हिंमत नव्हती. अंगाने बारीक, सुती साडी, काळ्या फ्रेमचा चष्मा, आणि आवाज इतका हळू की त्या शिकवायला उभ्या राहिल्या की कुणीतरी उठून पंखा बंद करायचं.

त्या शिकवायच्या ते हवामानाचं एक मॉडेल वापरायला. हे प्रकरण मी घरी समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे पाऊस कधी येणार ते सांगता का तुम्ही?" तसं नव्हतं. पृथ्वीभोवतालची सगळी हवा कॉम्प्युटरमध्ये मोठमोठ्या चौकोनांत कापायची. प्रत्येक चौकोनात धूर किती, धूळ किती, गंधकाचे कण किती, समुद्राचं मीठ किती, ते भरायचं. वारा ते कण कुठे नेतो, ढगांत शिरून ते काय करतात, जमिनीवर पडणारं ऊन त्यांनी किती अडतं, हे मग कॉम्प्युटर पायरी पायरीने काढत जातो. दोन हजार सालाच्या मागेपुढे हे मॉडेल चालवू शकणारी माणसं आपल्याकडे मोजकीच होती. विद्यापीठांतून नवीन मुलं-मुली यायची, आणि त्यांना तयार करायचं काम मॅडमकडे होतं.

मी त्यातलीच एक. पीएच.डी.ला नाव नोंदवून चारच महिने झाले होते. संस्थेच्या सभागृहाची दुरुस्ती निघाली, म्हणून त्या वर्षीचं प्रशिक्षण मॅडमनी भोरच्या कॉलेजात घेतलं. कॉलेजला नुकतेच दहा कॉम्प्युटर मिळाले होते. आम्ही बारा जण. कुणी नागपूरहून, कुणी कोल्हापूरहून, एक जण तर गुवाहाटीहून. आपल्या गावात आपले विद्यार्थी आलेत याचा मॅडमना आनंद झाला होता, पण तो दिसायला जागाच नव्हती, इतकी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर होती. लॉजमध्ये पाणी गरम मिळालं का? गुवाहाटीच्या मुलाला भाकरी पचली का? लाईट गेली तर? प्रत्येक फाईल त्यांनी फ्लॉपीवर, सीडीवर आणि वर कागदावर छापून आणली होती. सीडीचं एक पाकीट कपाटात आणि दुसरं घरी त्यांच्या आईजवळ. आई विचारायची, "हे रोज फडक्यानं पुसायचं असतं का गं?"

पहिल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. आम्हाला एसटीने वेल्ह्याकडे नेलं आणि एका टेकाडावर चढवलं. समोर तोरणा, डावीकडे राजगड, खाली भाताची खाचरं, लांबवर हमरस्त्याच्या अंगाला विटकरी धुरकट पट्टा. त्या म्हणाल्या, "हे जेवढं दिसतंय ना, आणि याच्या मागचं पुणं, पलीकडचा सातारा, खालचं कोकण, हे सगळं मिळून आपल्या मॉडेलमधला एक चौकोन. एकच आकडा. तो आकडा टाईप करताना हे आठवा." मग लगेच घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "कडेला जाऊ नका हं कुणी." आणि आम्हाला मोजायला लागल्या. उतरताना पुन्हा मोजलं, गाडीत पुन्हा.

दुसऱ्या दिवसापासून खरी शिकवणी. त्यांची एक पद्धत होती, आणि ती आम्हाला फार जाचक वाटायची. मॉडेल चालवण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, की उत्तर साधारण काय येईल आणि का. लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. उत्तर आलं की शेजारी लिहायचं. ज्याचं उत्तर अंदाजाशी जुळलं नाही, त्याच्याजवळ त्या शांतपणे बसायच्या आणि कारण शोधायला मदत करायच्या. ज्याचं तंतोतंत जुळलं, त्याच्यामागे मात्र हात धुऊन लागायच्या.

नागपूरचा वानखेडे हुशार होता, बोलण्यात तेज. तिसऱ्या दिवशी त्याने ऐटीत नकाशा काढून दाखवला. उत्तर भारतावर लाल, समुद्रावर निळा, अगदी त्याने लिहिलं होतं तसा. आम्ही सगळे त्याच्या पडद्याभोवती जमलो. मॅडमनी नकाशा बघितला, चष्मा पदराने पुसला, परत बघितला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आता हा चुकीचा असेल तर कुठे चुकीचा असेल, ते मला शोधून द्या."

"पण मॅडम, बरोबर आलंय की."

"म्हणूनच म्हणते. आपल्याला हवं तेच उत्तर आलं की मला झोप लागत नाही."

वानखेडे संध्याकाळपर्यंत शोधत बसला. सापडलं काही नाही. मॅडमनी त्याला तसं लिहून द्यायला लावलं, की "मी अमुक अमुक ठिकाणी शोधलं, सापडलं नाही." त्या कागदावर त्याच्याकडून तारीख घालून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. तो बाहेर येऊन म्हणाला, "या बाईंना आनंद कशाने होतो?"

तो प्रश्न माझ्या मनातही बरीच वर्षं होता. त्यांना मी खळखळून हसताना एकदाच पाहिलं. दुपारी लाईट गेली होती आणि सगळे कॉम्प्युटर बंद पडले होते. गुवाहाटीच्या मुलाने वहीत हाताने गणित करून एका चौकोनाचं उत्तर काढलं. लाईट आल्यावर मॉडेलने दिलं ते उत्तर त्याच्याजवळपास निघालं. मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "चला, आता लाईट नसली तरी चालेल."

प्रशिक्षणात सरावासाठी आम्हाला जी फाईल मिळायची, ती मॅडमनी स्वतः केली होती. परदेशातून आलेल्या धुराच्या आकड्यांच्या फाईलमध्ये आपल्या डोंगरातला राबच नव्हता. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाला, शेण अंथरून पावसाआधी ते जाळतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमदार येतं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांत घरोघरी हे चालतं. मॅडमना लहानपणापासून तो धूर माहीत होता. त्यांनी सुट्ट्या खर्ची घालून गावागावांतून माहिती गोळा केली होती, की एका राबाला किती भारे लागतात, एका भाऱ्याचं वजन किती, गावात राब किती. ताणकाट्याला भारे लावून स्वतः वजन केलं होतं. सह्याद्रीतल्या राबाचा धूर मॉडेलमध्ये पहिल्यांदा आणला तो त्यांनीच. आम्ही बाराही जण ती फाईल आपापल्या विद्यापीठात घेऊन गेलो. आमच्या आधीच्या तुकडीने नेली होती, नंतरच्यांनीही नेली. मी तर तिच्यावरच माझा प्रबंध उभा केला, आणि त्यासाठी संस्थेत मॅडमच्याच हाताखाली काम करायला लागले.

आकडे बोलके होते. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत या भागावर जी धुरकट झाक दिसते, तिच्यात राबाचा वाटा मोठा निघत होता. माझ्या नकाशात भोर-वेल्हं ज्यात येतं तो अख्खा चौकोन ठसठशीत लाल ठिपक्यासारखा उठून दिसायचा, आणि वजनं भोर-वेल्ह्याची म्हणून बोट त्यांच्याकडेच जायचं. तो ठिपका बघायला लोक थांबायचे. आमच्या विभागप्रमुखांना तो फार आवडला. एका सरकारी समितीच्या मसुद्यात तो छापला गेला, आणि खाली शिफारस होती की या दोन तालुक्यांत राब भाजण्यावर बंदी घालावी, न ऐकणाऱ्याला दंड करावा. मॅडमनी मसुदा वाचला आणि त्या दिवशी डबा उघडला नाही. मला म्हणाल्या, "बंदी घाला असं मी कुठे म्हटलं होतं? मी फक्त धूर मोजला."

त्या उन्हाळ्यात नवीन तुकडीला घेऊन आम्ही वेल्ह्याच्या पुढच्या एका गावी गेलो. तिथे मॅडमची एक जुनी ओळख होती, हिरामावशी. साठीच्या, काटक, नवरा वारलेला, दोन खाचरं भाताची. पहिल्यांदा भारे तोलले होते ते त्यांच्याच अंगणात. मॅडम दिसल्याबरोबर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "बाई, राबाला बंदी येनार म्हनत्यात. खरं का?"

"अजून तसं ठरलेलं नाही, मावशी."

"न्हाई, तलाठी म्हनत हुता, पुन्याच्या कागदात आलंय. मंग रोप कुठं टाकायचं आमी?"

मॅडमनी तांब्या तसाच खाली ठेवला. मुलं राब बघायला पुढे गेली. तिथे टाळ अंथरायचं चाललं होतं. टाळ म्हणजे तोडलेल्या फांद्या. उरलेले काही भारे बांधाला रचून ठेवले होते. मावशींना मदत म्हणून मी एक उचलायला गेले. मला वाटलं दोन हात लागतील. तो एका हाताने वर आला, इतका पटकन की माझा तोल गेला. मावशी हसल्या.

"आवं, लई हलका हाय त्यो. वाळून खडखडीत झालाय."

मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, मी तोलले होते तेव्हा तर जड होते."

"तवा जडच असनार की. तुमी आला हुता थंडीत. नुकताच तोडल्याला टाळ, वला. दोन-अडीच म्हैने वाळतो, मंग भाजतो आमी."

"पण मी विचारलं होतं तुम्हाला, की वाळलेलंच जाळता ना? तुम्ही व्हय म्हणालात."

"व्हय. वाळल्यालंच जाळतो. वलं कुठं पेटतंय?"

मॅडमनी तो भारा माझ्या हातातून घेतला. मॉडेलला लागतं ते वाळलेलं वजन. हे मॅडमना माहीत होतं, म्हणून तर त्यांनी तो प्रश्न विचारला होता. उत्तर खरं मिळालं होतं. फक्त ते काट्याला टांगलेल्या त्या भाऱ्याबद्दल नव्हतं. एवढ्या फटीतून एवढी मोठी चूक आत शिरली होती आणि चार वर्षं आत बसली होती.

"काटा आहे का मावशी घरात?" मॅडमनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

शेजारच्या घरातून ताणकाटा आला. मी भारा टांगायचा, मॅडमनी वाचायचं, नवीन तुकडीतल्या एका मुलीने लिहायचं. बांधावरचे सगळे तोलले, मग शेजारच्या दोन राबांवरचे. ओल्या भाऱ्याच्या निम्मंसुद्धा एकाचंही भरेना. प्रत्येक भारा टांगताना मला वाटत होतं, हा तरी जड निघू दे. मॅडम काट्याकडे बघायच्या, आकडा सांगायच्या, "पुढचा" म्हणायच्या. भारा झुलला की काट्याचा काटाही हलायचा, आणि तो थांबेपर्यंत त्या वाट बघायच्या.

परतीच्या गाडीत त्यांनी कंडक्टरला काही विचारलं नाही. मार्गासनी गेलं, नसरापूर आलं. मी मनातल्या मनात हिशेब करत होते. प्रबंध दोन महिन्यांनी द्यायचा होता. फाईल बदलली तर सगळी गणितं पहिल्यापासून. वर्ष जाणार. शेवटी मी म्हटलं, "मॅडम, लगेच सांगायलाच हवं का? निदान माझा प्रबंध जाईपर्यंत... दोन महिने फक्त. मग आपण नीट तपासून, नवीन वजनं घेऊन..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या नजरेत माझीच काळजी होती.

"तुमचं नुकसान होणार," त्या म्हणाल्या. "ते माझ्यामुळे होतंय. पण दोन महिन्यांत त्या समितीची बैठक आहे."

मी मुलांना घेऊन चेलाडी फाट्यावर पुण्याकडे जायला उतरले. त्या भोरला जायला तशाच बसून राहिल्या. मी त्यांचा निरोप घेतला नाही.

सोमवारी त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. दार अर्धवट उघडं होतं, आणि मी बाहेर माझ्या टेबलाशी होते. सर वाईट माणूस नव्हते. शांतपणे म्हणाले, "आतार, मॉडेलमध्ये शंभर चुका असतात. ही एकशे एकावी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून टाकू, टीप देऊ खाली. आत्ता समितीपुढे जाऊन आपणच आपलं हसं करून घ्यायचं का?"

"सर, पुढच्या आवृत्तीपर्यंत त्या लोकांनी रोप कुठे टाकायचं?"

"तो आपला विषय नाही."

"आकडा माझा आहे, सर."

त्या बाहेर आल्या. पाणी पिऊन त्यांनी पिशवीतून वही काढली, आणि ज्या कुणाला ती फाईल दिली होती त्यांची नावं लिहायला बसल्या. चाळीसच्या वर निघाली. प्रत्येकाला स्वतःच्या अक्षरात पत्र. मसुदा एकच होता, पण त्यांनी तो छापून घेतला नाही. ज्यांचे फोन होते त्यांना फोन केले. मी समोर बसून ऐकत होते. "नमस्कार, मी आतार बोलतेय. एक वाईट बातमी आहे. मी तुम्हाला दिलेली राबाची फाईल चुकीची आहे. चूक माझी आहे." प्रत्येक वेळी त्या हेच बोलायच्या, आणि वहीतल्या त्या नावापुढे खूण करून पुढचा नंबर फिरवायच्या.

वानखेडेचा त्या फाईलवरचा पेपर नुकताच छापून आला होता. तो फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होता की मला समोर ऐकू येत होतं. "तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलं होतंत, मॅडम. चूक शोधली, सापडली नाही म्हणून. माझ्याकडून. आणि तुमची फाईल कुणी तपासली?"

"कुणी नाही," मॅडम म्हणाल्या. "तेच चुकलं."

त्याने फोन ठेवला. मॅडम रिसीव्हर हातात धरून बसून राहिल्या. मी तरी त्या वेळी काही बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण वानखेडे बोलला त्यातलं निम्मं माझ्याही मनात होतं.

समितीची बैठक वेल्ह्याला पंचायत समितीच्या हॉलमध्ये होती. संस्थेकडून कुणी यावं असं पत्र होतं, आणि विभागप्रमुख त्या दिवशी दिल्लीला होते. मॅडम कुणाला न विचारता गेल्या. मी त्यांच्याशी तेव्हा नीट बोलत नव्हते, तरी त्यांच्याबरोबर गेले. त्यांना एकट्यांना पाठवायचं माझं धाडस झालं नाही, एवढंच. आम्ही तासभर आधी पोचलो. शिपाई अजून खुर्च्या मांडत होता. मॅडम तीन वेळा बाहेर जाऊन आल्या आणि तीनही वेळा मला म्हणाल्या, "कागद आहेत ना तुमच्याकडे?" कागद त्यांच्याच हातात होते.

हॉल भरला. टेबलामागे साहेब लोक, समोर गावोगावचे शेतकरी, मागच्या भिंतीशी बायका. हिरामावशी होत्या. एका अधिकाऱ्याने मसुदा वाचून दाखवला. माझा नकाशा, तो लाल ठिपका, मोठा करून भिंतीवर लावला होता. त्याच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता. मग अधिकाऱ्याने विचारलं, "संस्थेचं काही म्हणणं?"

मॅडम उठल्या. कुणीतरी पंखा बंद केला.

"हा नकाशा ज्या आकड्यावर काढलाय, तो मी दिलेला आहे," त्या म्हणाल्या. "तो चुकीचा आहे. मी ओले भारे तोलले आणि वाळलेले म्हणून लिहिले. खरा आकडा निम्म्याहून कमी आहे. वजनं या कागदांवर आहेत, कुणीही पुन्हा तोलून बघावीत."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पहिल्या रांगेतला एक शेतकरी उभा राहिला. "म्हंजी बाई, आमच्या राबाचा तरास न्हाईच म्हना की. तसं लिहून द्या आमाला."

मला वाटलं, आता त्या हो म्हणतील. सगळा हॉल त्यांच्या बाजूने झाला असता.

"तसं नाही लिहून देता येणार," मॅडम म्हणाल्या. "धूर आहे. कमी आहे, पण आहे. आणि तो आधी तुमच्याच छातीत जातो. मावशींचा खोकला मी चार वर्षं ऐकतेय. पण बंदी घालायची तर या नकाशावरून घालू नका. एवढंच सांगायला आले."

शेतकरी नाराज होऊन खाली बसला. अधिकाऱ्याने भुवया उंचावून विचारलं, "हे संस्थेचं अधिकृत मत समजायचं का?"

"नाही. माझं."

"मग तसं सही करून द्या."

त्यांनी टेबलाशी जाऊन उभ्या उभ्या सही केली. परत येताना पाय टेबलाखालच्या वायरीत अडकून पडता पडता वाचल्या, आणि कुणी हसू नये म्हणून की काय, मावशी भिंतीपासून उठून पुढे आल्या आणि त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर घेऊन गेल्या. बाहेर पायरीवर दोघी बसल्या. मावशी म्हणाल्या, "बाई, म्या तवाच म्हनायला पायजे हुतं, ह्यो वला हाय म्हनून. मला काय ठावं तुमाला कसलं वजन पायजे."

"तुम्ही बरोबरच सांगितलंत," मॅडम म्हणाल्या. "मी नीट विचारलं नाही."

तो मसुदा पुढे आलाच नाही. का, ते कुणी कळवलं नाही. राब त्या वर्षी भाजले गेले, पुढच्या वर्षीही. संस्थेत मात्र महिन्याभरात एक परिपत्रक निघालं. प्रशासकीय सोयीसाठी प्रशिक्षणाचं काम दुसऱ्या विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. मॅडमना जुन्या नोंदी तपासायचं काम मिळालं. तळमजल्यावरची, ग्रंथालयाच्या मागची खोली. एक खिडकी, एक टेबल, आणि पिवळ्या पडलेल्या नोंदवह्यांचे ढीग.

माझं वर्ष गेलं. सगळी गणितं पुन्हा केली. लाल ठिपका फिकट पिवळा झाला, आणि प्रबंधाचं सगळं म्हणणंच बदललं. त्या वर्षात मी तळमजल्यावर किती वेळा गेले असेन, तर दोनदा. दोन्ही वेळा कामाचं बोलून परत आले. मॅडमनी मला कधी बोलावलं नाही. फक्त माझ्या टेबलावर अधूनमधून एखादा कागद येऊन पडलेला असायचा. दुसऱ्या गावातली भाऱ्यांची वजनं, त्यांच्या बारीक अक्षरात, प्रत्येक ओळीपुढे "ओला" किंवा "वाळलेला" असं लिहिलेलं. रविवारी त्या एकट्याच जाऊन तोलून यायच्या. त्या वजनांशिवाय माझा प्रबंध उभा राहिला नसता. मी आभारात त्यांचं नाव लिहिलं. ते लिहिताना मला लाज वाटली, आणि एक ओळ पुरणार नाही हे कळत असूनही मी एकच ओळ लिहिली.

वानखेडेने वर्षभराने स्वतःच्या पेपरची दुरुस्ती छापून आणली. मला फोन करून म्हणाला, "मॅडमना सांग." मी म्हटलं, "तू सांग." त्याने सांगितलं की नाही ते माहीत नाही.

पुढे मी त्याच संस्थेत नोकरीला लागले. काही वर्षांनी मॉडेलची नवी आवृत्ती आली, अगदी निराळी, चौकोन कितीतरी लहान. आता भोरचा एक, वेल्ह्याचा एक, असे वेगळे चौकोन दिसत होते. तिचं पहिलं प्रशिक्षण घ्यायचं माझ्याकडे आलं. आदल्या आठवड्यात मला भूक लागत नव्हती. प्रत्येक फाईल दहादा उघडून बघत होते, दोघा सहकाऱ्यांना तपासायला लावत होते, त्यांनी "ठीक आहे" म्हटलं की मला जास्तच भीती वाटत होती.

सकाळी सभागृहात गेले. पंचवीस मुलं-मुली, सगळी विशीतली. आणि शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ, आतार मॅडम. निवृत्तीला त्यांना तेव्हा सहा महिने उरले होते. नोंदणीचा फॉर्म त्यांनी इतरांसारखाच भरला होता, गळ्यात इतरांसारखंच नावाचं कार्ड होतं. केस पूर्ण पिकले होते. मी चाचरत सुरुवात केली. पहिला तास कसा गेला मला आठवत नाही. त्या पूर्ण वेळ मान खाली घालून लिहून घेत होत्या. त्यांच्या शेजारच्या मुलाला त्या कोण हे माहीत नव्हतं. तो त्यांना माऊस कसा धरायचा ते दाखवत होता, आणि त्या ऐकून घेत होत्या.

दुसऱ्या तासाला सगळ्यांनी मॉडेल सुरू केलं. मी रांगांमधून फिरत होते. मागच्या रांगेकडे जायचं मी टाळत होते, हे माझं मलाच कळत होतं. तेवढ्यात मागून हळू आवाज आला.

"मॅडम, जरा इकडे येता का? माझं बंद पडलंय."

मी आजूबाजूला बघितलं. त्या मलाच म्हणत होत्या. हात वर केला होता, शाळेतल्या मुलीसारखा, कोपरातून सरळ.

मी गेले. पडद्यावर लाल अक्षरांत चूक झाल्याचा निरोप आला होता. मी वाकून वाचायला लागले, पण अक्षरं मला नीट दिसेनात. त्यांनी ते बघितलं असावं. काही न बोलता त्या बाकावर आत सरकल्या, माझ्यासाठी जागा केली, वही दोघींच्या मध्ये ठेवली आणि पेनचं टोपण काढून वाट बघत बसल्या.